लाईन आली का?

गेल्या महिन्यात भर दुपारी अण्णांचा फोन आला आणि मी नेमका मीटिंगमधे. हळूच उचलून म्हटलं, "अण्णा नंतर करतो, आत्ता ऑनलाईन आहे." पलीकडं जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "परमिट घेतलंयस न्हवं? आन अर्थिंग केलंस का? मग ऱ्हा खुशाल वर." आणि फोन ठेवून दिला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वीज बोर्डात लाईनमन होते. १९७८ ला हेल्पर म्हणून चिकटले, २०१२ ला रिटायर झाले. हा जोक त्यांना कधी सुचला देव जाणे, पण सुचल्यापासनं गावातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी तो निदान दोनदा तरी ऐकवलाय. "आमी चौतीस वर्सं ऑनलाईन हुतो. ही पोरं आत्ता आली." रिटायरमेंटला ते ऑफलाईन झालो म्हणतात. गेल्या वर्षी गुडघ्याचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरलासुद्धा सांगितलं की लाईनवर चढून चढून झालंय, तर तो बिचारा तरुण डॉक्टर, त्याला वाटलं आजोबा ट्रेनविषयी बोलतायत.

मी सांगलीत राहतो, विश्रामबागला. कंपनी पुण्याची, काम घरनं. आई-अण्णा गावात, भिलवडीच्या अलीकडं, कृष्णाकाठाला. त्या फोननंतर हा लाईन शब्द डोक्यात असा काही बसला की दिवसभर जिकडंतिकडं तोच ऐकू यायला लागला, म्हणजे आधीपण येतच असणार पण आपण रोजच्या शब्दांकडं कुठं बघतो, पायातल्या चपलेसारखे असतात ते, तुटल्याशिवाय दिसत नाहीत.

सकाळी दूधवाला म्हणाला लाईनची गाडी उशिरा आली म्हणून मला उशीर. पेपर टाकणारा पोरगा आठ दिवस येणार नाही, त्याची लाईन दुसरा पोरगा बघणार, फक्त त्याला आमचा जिना माहीत नाही. नळाला पाणी कमी कारण कुठंतरी लाईन फुटलीय. बायको बँकेतनं फोन करते की मोठी लाईन आहे, तू भात लाव. खालच्या मजल्यावरचे काका, त्यांच्या नातवाची दहावी झालीय, ते जिन्यात गाठून विचारतात की कॉम्प्युटर लाईनला अजून काय राम आहे का, का मेडिकल लाईनला घालावं. कोपऱ्यावर टेंपो लावून चौघंजण एका लाईनीत गाड्या लावा रे म्हणून ओरडतायत. आणि हे सगळं सकाळी साडेदहाच्या आत. एवढ्यात मी एकदाही इंग्रजी बोललो नव्हतो, म्हणजे मला तरी तसं वाटत होतं.

गंमत म्हणजे आपण ह्या बाईला बाईच केलं. ती लाईन. इंग्रजीत बिचारीला लिंगच नाही. मी बसून विचार केला की आपण तिला पुल्लिंगी का नाही केलं, आणि मग लक्षात आलं की ती ज्यांच्या घरात नांदायला आली त्या सगळ्या बायकाच आहेत. ओळ, रेघ, रेषा, रांग, दोरी, तार, वाट. एवढ्या जावा-नणंदांत येऊन ती तो लाईन कशी होईल. शिवाय आल्यावर एकेकीचं काम तिनं हळूहळू आपल्याकडं घेतलं. रांगेचं तर जवळजवळ सगळंच घेतलं, आता रांग फक्त देवळाच्या पाटीवर आणि निवडणुकीच्या बातमीत उरलीय. रेघ मात्र हटली नाही. वहीत अजून एकरेघी, दुरेघी, चाररेघीच असते, दुकानात जाऊन चार लाईनची वही मागणारा माणूस मी तरी बघितलेला नाही.

रांगेवरनं आठवलं. ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं ते स्वतः रांगेला लाईन म्हणत नाहीत, क्यू म्हणतात. क्यू म्हणजे मूळ फ्रेंचमधे शेपूट. लाईनीत उभं राहणारे ते अमेरिकन. आणि आपण रॉकेलच्या, रेशनच्या, गॅसच्या कसल्या कसल्या लाईनीत उभे राहिलो पण शेपटीत काय उभे राहिलो नाही. माझा अंदाज असा की हा शब्द आपल्याकडं दुकानातनं आलाच नाही, छावणीतनं आला असावा. पलटणीतल्या शिपायांच्या बराकी ओळीनं असायच्या, त्यांना लाईन्स म्हणायचे, त्यातनंच पोलीस लाईन, कोल्हापूरचा लाईन बाजार, धारवाडचाही लाईन बाजार. आता पोलीस लाईनीत राहणाऱ्या पोरांना कुणी सांगायला गेलं की तुमच्या पत्त्यातल्या लाईनचा अर्थ ओळ असा आहे, तर ती म्हणतील बरं मग.

पण खरी मजा मुळापाशी आहे. लाईन हा शब्द लॅटिनमधल्या लिनिया ह्या शब्दावरनं आलाय, आणि लिनिया म्हणजे दोरी. कसली दोरी तर लिनमची, आणि लिनम म्हणजे काय तर जवस. आपला जवस! ज्याची चटणी आई अजून खलबत्त्यात कुटते आणि डब्यात भरून माझ्या पिशवीत कोंबते तो. युरोपात त्या झाडाच्या काडीतनं धागा काढायचे, त्याचं कापड म्हणजे लिनन. ते कापड अंगरख्याला आतनं लावायचे त्याचं लायनिंग झालं, म्हणजे शिंपी ब्लाऊजला लायनिंग घालू का विचारतो तेव्हा तो खरं तर जवसाचं घालू का असंच विचारत असतो. बिया पिळून तेल काढलं ते लिनसीड, तेच बॅटीला पाजायचं तेल. आम्ही शाळेत असताना एकाच पोराकडं खरी बॅट होती आणि तो त्या तेलाच्या बाटलीला कुणाला हात लावू द्यायचा नाही, विजय हजारेंच्या सांगलीत जन्मल्याचा त्याला फार गर्व. जवसाच्या तेलावर पोसलेल्या बॅटीला जवसाच्या दोरीवरनं नाव पडलेली लाईन आणि लेंग्थ. रेडिओवर मराठी कॉमेंट्री करणारे मात्र दिशा आणि टप्पा म्हणायचे आणि ते किती छान होतं.

हे मी अण्णांना सांगितलं. वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "म्हंजे लाईन म्हंजे दोरीच की. मग गवंडी काय म्हणतोय?"

मी म्हटलं काय म्हणतोय?

"लाईनदोरी."

मी गपच झालो. खरंच की. भिंत चढवताना दोन टोकांना खिळे मारून ताणतात ती लाईनदोरी. शेकडो वर्षं हा शब्द रोमहून इंग्लंडला, तिथनं बोटीनं मुंबईला, तिथनं आमच्या पलूस तालुक्यातल्या एका अर्धवट बांधलेल्या गोठ्यावर आला, आणि तिथं एका पानतंबाखू खाणाऱ्या माणसानं तो अचूक दोरीला नेऊन बांधला. दोरीदोरी. त्यानं काही वाचलं नव्हतं, त्याला फक्त एक सरळ भिंत हवी होती.

बाकी लाईनचं नशीब काय सगळीकडं एवढं सरळ नाही. कॉलेजात आम्ही जे मारायचो ती पण लाईनच. ती मारतात, देतात, आणि क्लिअर असते किंवा नसते. ह्यावर जास्त लिहीत नाही, बायको वाचते. एवढंच म्हणतो की ज्याला आम्ही तेव्हा लाईन मारणं म्हणायचो ते आज बघितलं तर बऱ्याच वेळा नुसता त्रास देणं होतं, आणि शब्द असा हलकाफुलका असला की माणसाला ते कळायला फार वर्षं लागतात.

धंद्याची लाईन हा आमच्या जिल्ह्यातला मोठा विषय. खानापूर, आटपाडी, विट्याकडची माणसं पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळायच्या कामाला सगळ्या देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ कट्ट्यात जा, मागच्या बोळात एक खोली असते, भट्टी असते, आणि आतला माणूस तुमचा मराठी उच्चार ऐकून विचारतो, कुठलं गाव? ती गलाई लाईन. "थोरला गलाई लाईनला हाय, धाकट्याला बी त्याच लाईनला लावायचा हाय." इथं लाईन म्हणजे नुसता व्यवसाय नाही. चुलता जातो, पुतण्याला नेतो, पुतण्या मेव्हण्याला नेतो, एकाच्या मागं एक. रांगच ती, फक्त शेकडो मैल लांबीची.

आता पुराचं. सांगलीत दुसऱ्या कुठल्या लाईनला नसेल एवढं वजन ह्या लाईनीला आहे. नदीच्या दोन्ही काठांना कागदावर दोन रेषा मारलेल्या असतात. निळी, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर जिथवर येईल ती, आणि लाल, म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येणारा जिथवर येईल ती. मराठीत पूररेषा, पण बोलताना सगळे ब्लू लाईन, रेड लाईन. पावसाळ्यात इथं कुणी कुणाला कसे आहात विचारत नाही, आयर्विनला किती विचारतात. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा जुना पूल, त्याच्यापाशी फुटांच्या खुणा आहेत, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा त्या निळ्या आणि लाल रेषा कुठल्या कुठं खाली राहिल्या असं आम्हाला वाटलं, कारण अर्धं शहर पाण्यात आणि कागदावरची रेष तर कुणाला दिसत नव्हती. आमच्या गावातल्या घरात भिंतीवर दोन रेघा आहेत, अण्णांनी ऑईलपेंटनं मारलेल्या. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. आईनं वरच्या रेघेवर कॅलेंडर टांगलंय. म्हणते रोज कशाला बघायचं.

तर पुरानंतर पाच महिन्यांनी, २०२० च्या जानेवारीत, माझ्या चुलतभावाचं बघण्याचं होतं, म्हणजे मुलीकडचेच आमचं घर बघायला आले होते. तासगावकडचे, द्राक्षवाले, माळरानावरचे लोक, नदीची भीती त्यांना आमच्यापेक्षा जास्त. चहा झाला, पोहे आले, इकडचं तिकडचं झालं. मग मुलीचे वडील जरा पुढं सरकून काकांना म्हणाले, "घर लाईनीत हाय का वो?"

काका आमचे हौशी माणूस. घर स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. त्यांना वाटलं आळीतल्या घरांविषयी विचारतायत. छाती फुगवून म्हणाले, "येकदम लाईनीत! ह्या टोकापासनं त्या टोकापतूर, दोरी लावून बघा. आमच्या आज्जानं सगळी घरं लाईनीत घेतल्यात."

पाहुण्यांच्या हातातला पोह्याचा चमचा तसाच. मुलीच्या मामानं खिडकीतनं नदीकडं बघितलं. काका मात्र रंगात आलेले, "तुमी म्हणाला तर गच्चीवरनं दावतो." पाहुणे अर्धे पोहे ठेवून उठले, दुसरीकडं जायचंय म्हणाले. आठवड्यानं मध्यस्थाचा निरोप आला तेव्हा कुठं उलगडा झाला, आणि काकू काकांना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण काकांच्या बाजूनं एक सांगायला पाहिजे, त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. घर खरंच लाईनीत आहे. दोन्ही अर्थानं. कुठल्याही लग्नाच्या बैठकीत असा प्रामाणिक बाप तुम्हाला सापडणार नाही.

लग्न झालं शेवटी, फेब्रुवारीत, लॉकडाऊनच्या जरा आधी. मुलीनंच घरी सांगितलं म्हणे की मुलगा लाईनीला लागलेला आहे, घराचं बघता येईल. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा अंगणापर्यंत आलं तेव्हा वहिनी आठ महिन्यांचं पोर कडेवर घेऊन कट्ट्यावर उभी होती आणि काकांना म्हणाली, "मामंजी, दोरी आणू का?" काका तेवढ्या पाण्यात हसले.

आमच्या घरात लाईनवर वाद घालणारा अजून एक माणूस होता, माझा मामा. रेल्वेत पॉईंट्समन, मिरज-पुणे लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांवर नोकरी केली. ती लाईन पूर्वी मीटरगेज होती, १९७१ ला ब्रॉडगेज झाली. मिरजेतनं दुसरीकडं जायची ती बार्शी लाईट, अडीच फुटी नॅरोगेज. मला लहानपणी वाटायचं ती विजेवर चालत असणार म्हणून लाईट, आणि मी शाळेत तसं सांगितलंही होतं, मास्तर म्हणाले बस खाली. ती लाईट म्हणजे हलकी. पुढं तीच लाईन ब्रॉडगेज झाली म्हणून तर २०१६ च्या एप्रिलमधे मिरजेतनं लातूरला पाण्याची रेल्वे जाऊ शकली. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. मामा तेव्हा रिटायर होता तरी बघायला गेला होता. आल्यावर म्हणाला, "आमच्या लाईनीवरनं कोळसा गेला, साखर गेली, पाणी जाताना पयल्यांदा बगितलं." आमचं कृष्णेचं पाणी ते. ज्यानं आम्हाला बुडवलंय आणि परत बुडवणार आहे, त्याच पाण्याकडं तिकडं माणसं स्टेशनवर हात जोडून बघत होती.

तर मामा आणि अण्णा जेवायला एकत्र बसले की वाद ठरलेला. लाईन क्लिअर म्हणजे काय.

मामाच्या रेल्वेत सिंगल लाईनला एका वेळी एकच गाडी. मग पुढच्या स्टेशनमास्तरला विचारायचं, तो हो म्हणाला की मशीनमधनं एक लोखंडी गोळा निघतो, तो गोळा वेताच्या रिंगणाला बांधलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, पळत्या गाडीला. तो गोळा म्हणजे लाईन क्लिअर. गोळा हातात असला की ड्रायव्हर बिनधास्त, समोरनं कोण येणार नाही. अण्णांकडंही लाईन क्लिअर. पण तिथं ते परमिट. लाईनमननं खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडनं लेखी घ्यायचं की अमुक फीडर, म्हणजे सबस्टेशनमधनं त्या भागाला जाणारी लाईन, बंद केलाय, तू वर जा. मग तारांना रॉड लावून अर्थिंग करायचं, म्हणजे तारा जमिनीला जोडायच्या, आणि मगच पाय वर. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. ते परत येईपर्यंत ऑपरेटरनं स्विचला हात लावायचा नाही, वरनं मंत्र्याचा फोन आला तरी.

मामा म्हणायचा, "लाईन क्लिअर म्हंजे सोड गाडी."

अण्णा म्हणायचे, "लाईन क्लिअर म्हंजे काय बी सोडायचं न्हाय."

एकाच ताटाशेजारी बसून दोन माणसं एकच शब्द बरोब्बर उलट्या अर्थानं बोलतायत आणि दोघांचंही खरं. आणि त्यावेळी कॉलेजात असलेला माझा भाऊ, त्याची लाईन क्लिअर तिसरीच होती, तो खाली मान घालून आमटी भुरकत बसायचा.

ह्याच पंगतीतली अजून एक. मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा घरी म्हणालो की डेडलाईन आहे, झोप नाही. अण्णांनी विचारलं म्हणजे काय. मी सांगितलं आणि वर माहितीपण दिली, की हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धातला. १८६४ ला जॉर्जियात अँडरसनव्हिल नावाचा कैद्यांचा तळ होता, तिथं कुंपणाच्या आत काही फुटांवर एक हलका कठडा, तो ओलांडला की पहारेकरी सरळ गोळी घालायचे. त्या कठड्याला डेड लाईन म्हणायचे. पुढं छापखान्यांत आला, मग आमच्या आयटीत. अण्णांनी नीट ऐकून घेतलं, पाणी प्यायले, म्हणाले, "आमच्यात लाईन डेड हाय म्हंजे चांगलं. डेड हाय म्हटल्यावर हात लाव की. जिती असली की मग बगायचं." आता कामाच्या ठिकाणी कुणी डेडलाईनचा मेल टाकला की मला पहिला तो खांबच दिसतो, तारा थंड झालेल्या, वर एक कावळा.

घरात येते ती लाईट आणि मोटरीला येते ती लाईन. हा फरक शहरातल्याला कळणार नाही. गल्लीत कुणीही लाईट गेली म्हणणार, पण शिवारात माणूस विचारतो लाईन आली का. शेतीपंपाची थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, असं पाळीनं चालायचं. रात्रीची पाळी असली की बारा-एकला उठून, हातात बॅटरी, डोक्याला मफलर, उसाच्या सरीतनं पाणी पाजायला जायचं. आता तर वाळवा-शिराळ्याकडं उसात बिबट्या असतो म्हणून दोघं मिळून जातात आणि उगाचच मोठ्यानं बोलतात. त्या माणसांच्या तोंडचं लाईन आली का हे वाक्य नुसतं ऐकलं तरी कळतं की ह्या शब्दात झोप आहे, ऊस आहे, कर्ज आहे. आणि शिव्या पण आहेत. त्या शिव्या सगळ्या गावात एकाच माणसाला पडायच्या, जो लाईन बनवत नाही, अडवत नाही, फक्त तुटली की जोडतो.

लाईट गेली की आमच्या दारात माणसं यायची. "लाईनमन हायत का?" आई सांगायची, "लाईनवर गेल्यात." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला ते आईचं नावच वाटायचं.

आता इथं जरा थांबून नीट सांगतो, कारण हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वळवाच्या पावसात लाईट गेली की सगळ्या आळीत काळोख. पोरं बाहेर, बायका कट्ट्यावर, कंदील, गप्पा, भुताच्या गोष्टी. एक प्रकारची मजाच. आणि मग तासा-दोन तासानं अचानक सगळे बल्ब एकदम पेटायचे आणि सगळी आळी एका आवाजात ओरडायची, आलीऽऽऽ! मीपण ओरडायचो. आई ओरडायची नाही. आई फक्त हातातलं काम टाकून एकदा बल्बकडं बघायची, पदरानं तोंड पुसायची, म्हणायची "उतरले." आणि चुलीकडं जाऊन तवा टाकायची.

मला वाटायचं ती पावसाविषयी बोलतेय, ढग उतरले असं काहीतरी.

लाईन चालू झाली ह्याचा अर्थ परमिट परत आलं. परमिट परत आलं ह्याचा अर्थ ते परत करणारा माणूस खांबावरनं खाली आलाय, त्याच्या दोन्ही पायांवर उभा आहे, त्यानं सही केलीय. अख्ख्या गावाला बल्ब पेटला की टीव्ही दिसायचा, तिला नवरा दिसायचा. अंधार होता तोवर ते वर होते. तिच्यासाठी तो बल्ब म्हणजे तारच होती, पोस्टाची.

आणि ही तार दर वेळी खरीच असेल असं पण नव्हतं. एकदा अशी लाईट आली, तिनं तवा टाकला, भाकऱ्या झाल्या, गार झाल्या, अण्णा काही आले नाहीत. तेव्हा फोन कुठला. रात्रभर दाराशी बसली. पहाटे ते आले ते दुसऱ्या गावच्या ब्रेकडाऊनला परस्पर गेलेले, अंगभर चिखल. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत, तिनं पाणी तापवायला ठेवलं. दुसरा एक प्रसंग मला अण्णांनीच सांगितला, तोही रिटायर झाल्यावर. परमिट घेतलेलं, फीडर बंद, सगळं रीतसर. पण खालच्या अंगाला कुणीतरी जनरेटर चालू केला आणि तो करंट उलटा लाईनवर आला. अर्थिंग केलेलं होतं म्हणून रॉडपाशी नुसता जाळ उडाला आणि अण्णा वाचले. "एक रॉड. तेवढाच मदी हुता," म्हणाले. मी विचारलं आईला सांगितलंत का. म्हणाले, "खुळा हायस का तू?"

२००५ च्या पुरात ते नऊ दिवस घरी नव्हते. बोर्डाच्या कंपन्या होऊन दोनच महिने झालेले, जूनमधे झाल्या आणि जुलैच्या शेवटी पाणी आलं. नऊ दिवस लाईट पण नव्हती, म्हणजे आईची तार बंदच. आम्ही सगळे हायस्कूलच्या वरच्या मजल्यावर. दहाव्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या गावाचे दिवे लागलेले पाण्यावरनं दिसले, आमचे नाही, पलीकडच्यांचे, आणि आई म्हणाली, "तिकडं हायत." बरोबर होतं तिचं. तिकडंच होते, होडीनं गेलेले.

आता लाईनमनला जनमित्र म्हणतात, चार मार्चला लाईनमन दिवस असतो, अण्णांना त्याचे मेसेज येतात आणि ते ते सगळ्यांना पुढं पाठवतात.

परवा मे महिन्यात गावी होतो. संध्याकाळी वळीव आला, धुरळा, पत्रे, आंबे पडले, आणि लाईट गेली. अण्णा अंगणात खुर्ची टाकून खांबाकडं बघत बसले, सवयच ती. माझी पोरं मोबाईलच्या उजेडात पडलेले आंबे वेचत होती, त्यांची चार्जिंग संपत आलेली म्हणून मधेमधे कुरकुर. मी राऊटर बंद म्हणून ऑफलाईन. आई कट्ट्यावर शेंगा निवडत होती अंधारातच, तिला उजेड लागत नाही. कुणी काही बोलत नव्हतं. आता गावात एक नवीन पोरगं आलंय लाईनमन म्हणून, पंचवीस-सव्वीसचं असेल, जत भागातलं, खोली करून राहतंय.

तासाभरानं लाईट आली. पोरं ओरडली आलीऽऽऽ, अगदी त्याच सुरात, हे त्यांना कुणी शिकवलं माहीत नाही. आईनं बल्बकडं बघितलं आणि शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"उतरलं लेकरू," म्हणाली.

अण्णा खुर्चीतनंच म्हणाले, "अगं डीओ गेला हुता, खांबावरचा फ्यूज. ते काठीनं खालनंच टाकत्यात. वर चढायचं कामच न्हवतं."

"असूंदे," आई म्हणाली, आणि तवा टाकायला आत गेली.